डीजेचा धंदा : गाण्यांची निवड मोठी की माईक मोठा?

लग्नसराई हा आम्हा कापडवाल्यांचा हंगाम. लग्नघरात कोणता खर्च वाढला आणि कोणता घटला, हे गल्ल्यावर बसल्या बसल्या कळते. शालूसाठी घासाघीस करणारा गृहस्थ डीजेच्या बयाण्याला मात्र हुज्जत घालत नाही, हे मी गेली काही वर्षे पाहत आहे. अकोला असो, अमरावती असो की मूर्तिजापूर-दर्यापूरकडचे एखादे खेडे असो, हळदीला आणि वरातीला डीजे हवाच. बँडवाले मागे पडले. नागपूरकडची धुमाल आणि संदलवाले अजून टिकून आहेत, पण मोठ्या सुपाऱ्या डीजेकडे जातात.

या धंद्यात आपली मुले किती आहेत, हे वाचकांना सांगायला नको. साऊंडचे मेकॅनिक, लाईटवाले, गाडीवाले, मशीनवर बसणारे, सगळीकडे आपली पोरे दिसतात. निकाहात डीजे असावा की नसावा, याबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत. डीजे वाजला तर निकाह पढवणार नाही, असे काही ठिकाणच्या उलेमांनी जाहीरही केले आहे. तो विषय या पानाचा नाही. आपल्या घरी डीजे वाजो न वाजो, दुसऱ्यांच्या घरी वाजवून ज्यांची चूल पेटते त्यांच्या नफ्या-नुकसानाचा हा विषय आहे, आणि तो माझ्या दारापर्यंत आला म्हणून मी लिहीत आहे.

झाले असे, की अमरावतीचा माझा भाचा एके दिवशी बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडून अकोल्याला दुकानावर आला. चहा झाला, घरची खुशाली झाली, मग म्हणाला, "मामू, चार लाख पाहिजेत. नवा सेट घ्यायचा आहे." मी विचारले, धंदा कसा काय? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. त्याचा एक भागीदार आहे. भाचा मशीनवर बसतो, गाणी निवडतो व जोडतो. भागीदार माईक धरतो, लोकांना नाचायला बोलावतो, नवरदेवाच्या मामाचे नाव घेऊन त्याला ओढून आणतो. सेट भाच्याचा आहे, मेहनत दोघांची. आता भागीदार अर्धा हिस्सा मागून राहिला होता. त्याचे म्हणणे, "लोक माझ्या आवाजासाठी बोलावतात. गाणी तर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत." भाच्याचे म्हणणे, "गाणं चुकलं तर याच्या बापानं बोलावलं तरी कोणी येत नाही." म्हणजे चार लाख देण्याआधी मला पंच व्हायचे होते, आणि ज्या कामातले मला ओ की ठो कळत नाही त्या कामात.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि मराठी मी गिऱ्हाईकांकडून शिकलो. तिजारतीचे जे थोडेफार कळते ते कापडाचे. म्हणून मी कापडापासूनच विचार सुरू केला.

दुकानात दोन कामे असतात. एक खरेदी. सुरतेहून, भिवंडीहून किंवा आपल्या अमरावतीच्या बिझिलँड, सिटीलँडमधून कोणता माल उचलायचा, किती उचलायचा आणि कोणता सोडून द्यायचा. दुसरे काम काउंटरवरचे. माझ्याकडे एके काळी दोन सेल्समन होते. एक भारी बोलका. बाई दुकानात शिरली की तिचे माहेर, सासर, मुलाची शाळा सगळे विचारून घ्यायचा आणि बोलता बोलता चाळीस साड्या उलगडायचा. दुसरा गप्प. तो बाईच्या तोंडाकडे पाहायचा नाही, हाताकडे पाहायचा. हात कोणत्या पदरावर थांबला, बोटे कोणत्या कापडाला पुन्हा लागली, हे पाहून तो सहावी साडी अशी काढायचा की बाई नवऱ्याकडे वळून बघायची. बोलका दुसऱ्या दुकानात गेला तेव्हा मला वाटले विक्री पडेल. चालू मालाची विक्री पडली नाही. पण दिवाळीनंतर पाहतो तर मागचा पडेल माल जसाच्या तसा रॅकवर. तो माल फक्त बोलकाच काढू शकत होता. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा पहिल्या अर्ध्या भागावर तो खूश झाला आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर त्याचा चेहरा उतरला.

मात्र कापडात आणि गाण्यात एक मोठा फरक आहे. माल आणायला मला पैसा लागतो. गाणे आता जवळजवळ फुकट आहे. माझ्या तरुणपणी असे नव्हते. तेव्हा ज्याच्याकडे कॅसेटींचा साठा, तो लाऊडस्पीकरवाला मोठा. नवीन सिनेमाची कॅसेट आधी कोणाकडे आली, यावर सुपारी ठरायची. आज हजारो गाणी नखाएवढ्या कार्डात मावतात आणि ती सगळ्यांकडे सारखीच असतात. २०१६ साली 'सैराट' आला आणि 'झिंगाट' वाजवला नाही असा डीजे वऱ्हाडात शोधून सापडला नसता. कापडात एकच साडी दहा दुकानांत लागली की नफा मरतो. मी भाच्याला विचारले, "मग तुझी निवड ती कोणती? सगळ्यांकडे तेच गाणे." तो म्हणाला, "मामू, कोणतं वाजवायचं हे सगळ्यांनाच माहीत आहे. कधी वाजवायचं नाही, हे माहीत नाही. नवा पोरगा पहिल्या दहा मिनिटांतच झिंगाट लावून टाकतो. मग दोन तास काय करणार?"

हे उत्तर मला पटले. पण माईकवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर पंच कसला?

आमच्या पिढीला माईकची ताकद कोणी शिकवली असेल तर अमीन सायानी साहेबांनी. रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. त्याच वर्षी केसकर साहेब नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाल्यासारखीच होती. त्यामुळे सारा देश सिलोनकडे वळला. मी लहान असतानाही बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या मोहल्ल्यात रेडिओभोवती माणसे बसलेली असत. आता पाहा, गीतमालेत कोणते गाणे कोणत्या पायदानावर, हे सायानी साहेबांच्या मर्जीवर नव्हते. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोत्यांच्या क्लबांचा कौल यावर ते ठरत असे. गाणी लोकांनी आधीच ऐकलेली असत. तरीही लोक तासभर हलत नसत ते त्या बोलण्यासाठी. २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा माझ्या वयाच्या माणसांना गाणी नव्हे, तो आवाज आठवला. भागीदाराच्या हाती हा मोठाच पुरावा झाला.

यावर मी आणखी चौकशी केली. डीजे हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आला. पण जमैका नावाच्या बेटावर, किंग्स्टन शहरात, १९५० च्या दशकापासून मोठमोठे स्पीकर रस्त्यावर लावून रेकॉर्ड वाजवण्याचा धंदा चालत आला आहे. तिथे या धंद्यात सरळ दोन वेगळी नावे पडली. रेकॉर्ड निवडणारा तो 'सिलेक्टर' आणि माईकवर बोलणारा तो 'डीजे'. म्हणजे आपण ज्याला डीजे म्हणतो तो तिथला सिलेक्टर, आणि भाच्याचा भागीदार हा तिथला खरा डीजे! हे मी भाच्याला सांगितले नाही. उगीच भागीदाराने ऐकले असते.

त्याच किंग्स्टनमधला एक मुलगा १९६७ साली न्यूयॉर्कला आईबापाकडे गेला. पुढे तो कूल हर्क या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्स भागात त्यांच्या इमारतीतल्या हॉलमध्ये त्याच्या बहिणीने पार्टी ठेवली. कारण काय, तर शाळा उघडण्याआधी तिला नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी तिकीट लावून पैसे जमवायचे होते. कापडवाला म्हणून मला ही गोष्ट फार आवडली. तर हर्कच्या असे ध्यानात आले होते, की नाचणारे पूर्ण गाण्यावर सारखे नाचत नाहीत. गायन थांबून फक्त ढोल-ताशा राहतो तो तुकडा येईपर्यंत ते वाट पाहतात आणि तेवढ्यात तुटून पडतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या आणि दोन मशीनवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून लांबवला. माईक त्याच्या दोस्ताच्या हाती असे, कोक ला रॉक हे त्याचे टोपणनाव. आज ज्याला हिप-हॉप म्हणतात त्याची सुरुवात या पार्टीपासून मोजली जाते. आता हर्कने जे केले ती निवड, की मजम्याशी नाते? त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. लोकांच्या पायांकडे पाहून हाताने रेकॉर्ड फिरवली होती.

तसे पाहिले तर हे आपल्या कव्वालांना फार आधीपासून ठाऊक आहे. अचलपूरला दुल्हा रहमान शाह गाझींच्या दर्ग्यावर किंवा कुठल्याही उरुसात महफिल ऐकलेल्या माणसाने पाहिले असेल, की एखाद्या मिसऱ्यावर कोणी सुनणारा डोलू लागला, उठून नजराणा दिला, की कव्वाल पुढे जात नाही. तोच मिसरा घोळवतो, त्याची तकरार करतो. कॅनडातल्या रेगुला कुरेशी या विदुषीने १९८६ साली कव्वालीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी हेच तपासले आहे, की गाता गाता कव्वालाची नजर मजलिसीवर असते आणि त्याप्रमाणे तो कलाम बदलतो, वाढवतो, आवरतो. दुसरीकडे स्टेजवरच्या कव्वालीत शकीला बानो भोपाली यांच्यासारख्या कलावंत होत्या. त्यांची अदा, त्यांचे श्रोत्यांशी बोलणे यावरच अर्धा कार्यक्रम रंगत असे. दोन्ही रस्ते चालले आणि दोघांचेही चाहते होते.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातच दोन मोठी उदाहरणे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, यावलीचे. खंजिरी हाती घेतली की भजनावर लोक बसून राहत. रचना त्यांची स्वतःची, कोणत्या सभेत कोणते भजन हे त्यांचे ते ठरवत. आणि गाडगेबाबा, शेंडगावचे. त्यांचे कीर्तन म्हणजे निम्मे प्रश्न. लोकांनाच विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढायचे, वऱ्हाडी बोलीत. कर्ज काढून सण-लग्न करू नका, हे ते कीर्तनात ओरडून सांगत. (डीजेचा बयाणा उसनवारी करून देणाऱ्यांनी हे ऐकायला हवे होते, पण मग भाच्याचे काय झाले असते!) १९५६ साली बाबा गेले आणि १९६८ साली महाराज. आज एका विद्यापीठाला एकाचे नाव आहे, दुसऱ्या विद्यापीठाला दुसऱ्याचे.

एवढे वाचून-ऐकून झाल्यावरही मी काही ठरवले नव्हते. म्हणून या दोघांना काम करताना पाहायचे ठरवले. बोरगाव मंजूच्या बाजूला माझ्या एका जुन्या शेतकरी गिऱ्हाईकाच्या घरी हळद होती. मी पाहुणा म्हणून गेलो आणि मंडपाच्या कडेला खुर्ची टाकून बसलो.

आठ वाजता सुरू झाले. मैदान रिकामे. भागीदाराने माईकवर गावातल्या पोरांना हाका मारल्या, चार-पाच आले, उड्या मारल्या, थकून गेले. बाया भिंतीला धरून उभ्या. भाच्याने भागीदाराला हाताने थांबवले आणि एक जुने गाणे लावले, आवाज कमी करून. दोन म्हाताऱ्या आत्या पदर खोचून पुढे आल्या. त्या आल्या म्हटल्यावर त्यांच्या सुना आल्या, सुनांच्या मागे पोरी. पंधरा मिनिटांत मैदान भरले आणि त्यासाठी कोणाचे नाव घ्यावे लागले नाही. भाचा सारा वेळ मान वर करून पाहत होता. गाणे अर्धे झाले असतानाच दुसरे जोडायचा. मी नंतर विचारले, एवढी घाई कावून? म्हणाला, "मागच्या ओळीतले पाय थांबले होते मामू. पुढचे नाचत असतात तोवर लोकांना वाटते सगळे ठीक आहे. मैदान मागून रिकामे होत येते."

पण नऊच्या सुमाराला लाईट गेली. जनरेटर चालू व्हायला सहा-सात मिनिटे लागली. त्या अंधारात भागीदाराने बॅटरीच्या छोट्या माईकवर नवरीच्या आजोबांशी असे काही विनोद केले, की एकही माणूस उठून गेला नाही. ते काम भाच्याच्या बापालाही जमले नसते. माझा पडेल माल काढणारा बोलका सेल्समन मला तिथे पुन्हा दिसला.

त्याच भागीदाराने तासाभराने घोटाळा केला. कोणीतरी कानात सांगितलेले नाव त्याने माईकवर घेतले, "आता जावईबापू समोर येतीन!" त्या जावयाचे आणि सासऱ्याचे दोन वर्षांपासून बोलणे बंद होते. जावई आला नाही. त्याची बायको रडत घरात गेली. दहाला वाजवणे बंद झाले आणि हिशेबाच्या वेळी यजमानाने दोन हजार कापून घेतले. चुकीचे गाणे लावले तर तीन-चार मिनिटांसाठी मैदान ओस पडते, पुढच्या गाण्याला भरते. चुकीचे नाव घेतले तर वर्षानुवर्षे त्या घरी त्याची चर्चा. माईकची कमाई जेवढी झटपट, तेवढीच त्याची जोखीम मोठी. भागीदारीच्या कागदात याचा विचार कोणी करत नाही.

खरे सांगायचे तर आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ना निवड विकली जाते, ना माईक. विकला जातो आवाज. गाडीवर स्पीकरची भिंत किती उंच, बेस किती, छाती हलते की नाही. भाच्याचे चार लाखही त्यासाठीच हवे होते. "बाजूवाल्याकडे आठ आहेत, माझ्याकडे चार," हे त्याचे दुखणे. इथे मात्र मी त्याला सरळ नाही म्हणालो, आणि त्याचे कारण हिशेबाचे आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देते, तेही वर्षातून पंधरा दिवसांच्या वर नाही. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर कोणत्याही हालतीत ७५ च्या वर जाता येत नाही. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले, की मर्यादा मोडणारी यंत्रे जप्त करण्याची तरतूद करा. शिवाय गाडीची मूळ रचना बदलून भिंत उभी केली तर आरटीओ वेगळा. म्हणजे जो माल तुम्ही कर्ज काढून घेता, तो पूर्ण आवाजात वाजवण्याची परवानगीच नाही. असा माल मी तरी दुकानात भरणार नाही. उलट गाण्यांच्या हक्काबद्दल भाचा घाबरलेला होता, तिथे फारसे भय नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम यांना कॉपीराईट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट दिलेली आहे. हॉटेलातल्या नववर्षाच्या पार्टीला ती सूट नाही. तिथे लायसन्स पाहूनच सुपारी घ्यावी.

आता निवाडा. मी भाच्याला चार नाही, दीड लाख दिले. बेससाठी नाही, एक बरा मिक्सर, चांगले मधले स्पीकर आणि स्वतःचा जनरेटर, म्हणजे अंधारातली ती सात मिनिटे कोणाच्या विनोदावर काढावी लागू नयेत. भागीदाराचा हिस्सा रुपयात सहा आणे ठरला. त्यातून माईकच्या चुकीने कापले गेलेले पैसे त्याच्याच नावे, आणि गाण्याच्या चुकीचे भाच्याच्या नावे. कार्यक्रमाआधी यजमानाकडून ज्यांची नावे घ्यायची त्यांची यादी लिहून घ्यायची. यादीबाहेरचे नाव घ्यायचे नाही. भागीदार दोन दिवस रुसला, मग आला. त्याला यादीची कल्पना उलट आवडली. म्हणतो, आता यजमानच आधी सांगतात कोणाशी कोणाचे पटत नाही.

अर्ध्याऐवजी सहा आणे का, असे भागीदाराने विचारले तेव्हा मी त्याला भाच्याची वही दाखवली. ही वही मला त्या हळदीच्या रात्री गाडीत दिसली होती आणि खरे तर पैसे देण्याचे मी तिथेच ठरवले होते. दोनशे पानी साधी वही. प्रत्येक लग्नाचे एक पान. गाव, समाज, वेळ, पाऊस होता की नाही, बाया किती आणि पोरे किती. खाली ओळीने गाणी. कोणत्या गाण्यावर मैदान भरले तिथे बरोबरची खूण, कोणत्यावर रिकामे झाले तिथे फुली. अंजनगावला जे चालले ते बाळापूरला का चालले नाही, याचाही शेरा. माझ्या वडिलांची उधारीची वही इतकी नीट नव्हती. पाने उलटता उलटता मला माझ्या पुतण्याच्या लग्नाचे पान सापडले, मागच्या वर्षीचे. त्या रात्री मी मोठ्या हौसेने अजीज नाझा यांच्या एका कव्वालीची फर्माईश केली होती. त्या ओळीपुढे फुली होती, आणि बाजूला बारीक अक्षरात उर्दूत लिहिले होते : मामूंची फर्माईश, मैदान साफ, फक्त मामू उभे.